पीएच सातवर आला, पण क्षार गेला कुठं? सीमाभागातील कापड प्रक्रियेचा न मांडलेला हिशेब

पंचगंगेच्या पाण्याला फेस आला, मासे मेले, की दोन दिवस बातम्या चालतात. अधिकारी येतात, बाटल्यांत नमुने भरून नेतात आणि प्रोसेसवाले सांगतात, ‘आमचं पाणी न्यूट्रल आहे, पीएच बघा.’ बहुतेक वेळा ते खोटं बोलत नसतात. पीएच खरोखरच सातच्या आसपास असतो. तरीही त्या पाण्यावर उसाचा फड पिवळा पडतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचं उत्तर हौदातल्या साध्या रसायनशास्त्रात आहे आणि ते निपाणी-चिकोडीच्या शेतकऱ्यालाही माहीत असायला हवं.

कारण पाणी खाली येतं. इचलकरंजीवरून वाहणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पुढं शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडला की कृष्णा कर्नाटकात, चिकोडी भागात येते. निपाणी तालुक्यातल्या माणकापूर, मांगूर, बोरगाव पट्ट्यातल्या मागांचा व्यवहार इचलकरंजीच्या बाजाराशी बांधलेला आहे. बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूरचा साडीधंदा वेगळ्या जातीचा असला तरी रंग, ॲसिड आणि सोड्याचं गणित तिथंही तेच आहे.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा. नुसतं विणकाम करणारा माग पाणी फारसं नासवत नाही. प्रश्न येतो तो ओल्या कामात. खळ काढणं, कॉस्टिकमध्ये उकळणं, ब्लिचिंग, रंगाई, फिनिशिंग ही ती कामं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अशी प्रक्रिया ‘लाल’ श्रेणीत येते. त्यामुळं ‘माग बंद करा’ आणि ‘प्रोसेसचं पाणी सुधारा’ या दोन मागण्या एकत्र करणं म्हणजे विणकरावर अन्याय आहे.

ॲसिड लागतंच कशाला?

कॉस्टिकमध्ये उकळलेल्या सुती कापडातला अल्कलीचा अंश मारायला ॲसेटिक ॲसिड देतात. रेशीम आणि नायलॉन रंगवायला जे रंग वापरतात, ते आम्लाच्या पाण्यातच धाग्याला चिकटतात. पॉलिस्टरचा हौदही हलका आम्लच ठेवावा लागतो. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड आहे, खळ काढायच्या जुन्या पद्धतीत पातळ सल्फ्युरिक ॲसिड आहे. थोडक्यात, ॲसिडशिवाय धंदा चालत नाही. काम झाल्यावर ते कापडातून काढायचं कसं, हा खरा मुद्दा आहे.

इथं सगळी ॲसिडं सारखी नाहीत. ॲसेटिक आणि फॉर्मिक ॲसिड उडून जाणारी आहेत. कापड वाळवताना बराचसा अंश वाफेबरोबर जातो. सल्फ्युरिक, ऑक्झॅलिक, सायट्रिक उडत नाहीत. पाणी वाळतं आणि ॲसिड मागं राहून घट्ट होत जातं. लिटरला दोन ग्रॅम इतकं पातळ सल्फ्युरिक हाताला फारसं जाणवणार नाही, पण वाळवणीच्या सिलिंडरवर तेच तीव्र होतं आणि सुताचा मूळ पदार्थ, म्हणजे सेल्युलोजची साखळी, तोडायला लागतं. कापड त्या दिवशी छान दिसतं. दोन-तीन महिन्यांनी घडीवर फाटतं. मग व्यापारी विणकराला बोलतो, विणकर सूतवाल्याला बोलतो आणि खरी चूक धुण्याच्या हौदात झालेली असते.

रेशमाचं उलट आहे. रेशमाला हलकं आम्ल चालतं. रेशमाची ती खास करकर आणायला शेवटच्या पाण्यात थोडं ॲसेटिक किंवा सायट्रिक देण्याची पद्धत जुनीच आहे. रेशीम बिघडतं ते अल्कलीनं. म्हणून सुती कापडासाठी ठेवलेला सोड्याचा डबा रेशमी साडीवर रिकामा केला, तर ॲसिडपेक्षा सोडाच जास्त नुकसान करतो. तांब्यावर चढवलेली नकली जर असेल, तर ॲसिड आणि मीठ दोन्हींचा अंश धुऊन काढायलाच हवा, नाहीतर जर काळी-हिरवी पडते.

हिशेब मांडून बघू

समजा, १०० लिटरचा हौद आहे आणि त्यात लिटरला २ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड आहे. म्हणजे एकूण २०० ग्रॅम. काम झालं, हौद सोडून द्यायचा आहे. ९८ ग्रॅम सल्फ्युरिक मारायला १०६ ग्रॅम सोडा ॲश लागतो आणि त्यातून १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होतं. या हिशेबानं २०० ग्रॅमला सुमारे २१६ ग्रॅम सोडा लागला आणि हौदात २९० ग्रॅम क्षार तयार झाला. पीएच सात. कागदी पट्टी हिरवी. पण विरघळलेला क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला २९०० मिलिग्रॅम!

केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०१६ ला कापड उद्योगाच्या सांडपाण्याचे निकष नव्यानं जाहीर केले. त्यात पीएच ६.५ ते ८.५, बीओडी ३०, सीओडी २५० आणि टीडीएस २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे. म्हणजे वरच्या हौदातलं पाणी पीएचच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास आणि टीडीएसच्या परीक्षेत सपशेल नापास. ॲसिड मेलं, पण त्याचं वजन कुठं गेलं नाही. सोड्याचं वजन मात्र त्यात जमा झालं.

हे पाणी इतर धुण्याच्या पाण्यात मिसळलं की आकडा खाली येतो, हे खरं. पण नदीला लिटरमागचा आकडा कळत नाही, तिच्यात एकूण किती किलो क्षार पडला ते मोजावं लागतं. दुसरीही बाजू सांगायला हवी. कापडधंद्यातला सगळ्यात जास्त क्षार ॲसिड मारण्यातून येत नाही. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईत लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट टाकावं लागतं. त्यापुढं ॲसिड-सोड्याचा वाटा लहान आहे. फरक इतकाच, की रंगाईचं मीठ टाळणं अवघड आहे आणि ॲसिड मारण्यातला क्षार बराचसा आज, आहे त्या हौदांत टाळता येतो.

पाणी तेवढंच, धुणं चौदापट चांगलं

दहा किलो कापड हौदातून काढलं आणि ते स्वतःच्या वजनाएवढं, म्हणजे १० लिटर पाणी धरून बाहेर आलं असं धरू. त्यात २० ग्रॅम ॲसिड आहे. धुवायला १०० लिटर स्वच्छ पाणी आहे.

सगळं पाणी एकदम वापरलं, तर कापडातलं ॲसिड अकराव्या हिश्शावर येतं. तेच पाणी ५०-५० लिटर करून दोनदा वापरलं, तर छत्तिसाव्या हिश्शावर. २५-२५ लिटर करून चारदा धुतलं, तर दीडशेव्या हिश्शावर! एक थेंब जादा पाणी नाही, फक्त वाटणी बदलली. प्रत्येक धुण्याआधी कापड पिळून ६० टक्क्यांवर आणलं, तर चार धुण्यांत ॲसिड सातशेव्या हिश्शाच्याही खाली जातं.

आता क्रम बघा. अनेक ठिकाणी कापड हौदातून काढलं की थेट सोड्याच्या पाण्यात जातं. तिथं २० ग्रॅम ॲसिडला २१-२२ ग्रॅम सोडा खर्च होतो आणि तयार झालेला क्षार कापडातच राहतो. तो घालवायला पुन्हा धुवावं लागतं. आधी पिळून, चार वेळा धुऊन मग शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा दिला, तर मारायला उरलेलं असतं जेमतेम पाव ग्रॅमच्या आतलं ॲसिड. खाण्याच्या सोड्याचा फायदा असा, की चुकून जास्त पडला तरी पाण्याचा पीएच साधारण ८.३ च्या पुढं सहसा जात नाही. कॉस्टिकचा हात जरा सैल सुटला, तर कापड आम्लातून थेट तीव्र अल्कलीत जातं. शेवटी एक साधं पाणी, की काम संपलं.

आणि मूळ हौदाचं काय? त्यात अजून ९० लिटर ॲसिडचं पाणी शिल्लक आहे. ते ओतून का द्यायचं? ताकद तपासून, कमी पडलं तेवढं घालून पुढच्या घाणीला वापरलं, तर दर घाणीमागं २०० ग्रॅमऐवजी २० ग्रॅमच ॲसिड बाहेर जातं. रंग आणि मळ साचत जातो, त्यामुळं हे अनंत काळ चालणार नाही. पण दोन-चार घाण्या चालल्या तरी ॲसिडही वाचलं, सोडाही वाचला.

धुण्याच्या पाण्यातून गेलेलं ते २० ग्रॅम ॲसिड मारायला सोडा विकत घ्यायचीही गरज नसते. त्याच प्रोसेसमध्ये कॉस्टिकच्या उकळीचं अल्कली पाणी दुसऱ्या पाइपातून बाहेर पडतच असतं. ही दोन पाणी मोठ्या टाकीत एकत्र आणली, तर एकमेकांना मारतात. सुती प्रोसेसचं एकूण सांडपाणी बहुतेक अल्कलीच असतं आणि ते मारायला वेगळं ॲसिड आणलं जातं. म्हणजे एका नळावर सोडा ओतायचा आणि दुसऱ्यावर ॲसिड. दोन्हींची बिलं मालक भरतो आणि दोन्हींचा क्षार नदी झेलते.

चुना स्वस्त, पण…

सोडा महाग म्हणून चुना टाकण्याची पद्धत आहे. सल्फ्युरिक आणि चुना यांतून जिप्सम होतो. तो लिटरला साधारण दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो, बाकी गाळ बनून खाली बसतो. हा गाळ उचलायचा कुणी आणि टाकायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. विरघळलेला जिप्सम पाणी जड करतो. कापडावर चुना वापरला, तर पांढरी पूड बसते ती वेगळीच.

सल्फ्युरिक सोडून ॲसेटिककडं गेलं, तर क्षाराचा प्रश्न हलका होतो, पण तिथंही फुकट काही नाही. लिटरला एक ग्रॅम ॲसेटिक म्हणजे सुमारे १०७० मिलिग्रॅम सीओडी. जिवाणूंना ते खाद्य आहे, नीट चालणाऱ्या प्रक्रिया केंद्रात ते संपतं. पण तसंच नाल्यात सोडलं, तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. तेवढंच काम करणाऱ्या फॉर्मिक ॲसिडचा सीओडी चौथाईच येतो. मात्र फॉर्मिक कातडी जाळतं, त्याची वाफ घशाला झोंबते. हातमोजे, चष्मा आणि हवा खेळती नसेल, तर कामगाराच्या अंगावर नदीचा भार टाकल्यासारखं होतं.

‘सल्फेट काय, साधं मीठच ते,’ असंही ऐकायला मिळतं. बंद गटारात, प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. हा वायू काँक्रीट खातो आणि टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. ब्लिचिंगच्या हायपोक्लोराइटचं पाणी आणि ॲसिडचं पाणी एकाच नळीत सोडलं, तर क्लोरीन सुटतो. म्हणून ‘पाणी एकत्र करा’ हा सल्ला आंधळेपणानं पाळायचा नाही.

तपासायचं कसं?

हौदाच्या पाण्यात पट्टी बुडवून कापडाचा पीएच कळत नाही. प्रयोगशाळेतल्या आयएसओ ३०७१ या पद्धतीत दोन ग्रॅम कापड १०० मिलिलिटर पाण्यात दोन तास हलवून त्या अर्काचा पीएच बघतात. अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी ओईको-टेक्सची मर्यादा ४.० ते ७.५ आहे. निर्यातीचा माल याच आकड्यावर परत येतो.

छोट्या रंगशाळेला सोपा उपाय आहे. कापडावर बॅटरीच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून पट्टी मिनिटभर दाबून धरायची. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, ते स्वतःच अल्कली असतं आणि थोडं ॲसिड लपवून टाकतं. राहिलेला क्षार बघायचा, तर खिशात मावणारा टीडीएस मीटर पुरतो. आत येणारं पाणी आणि शेवटच्या धुण्याचं पाणी या दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा आला, म्हणजे कापडात काही उरलेलं नाही. फरक दिसला, तर अजून एक पाणी.

नदी एक, दफ्तरं दोन

साधी जैविक प्रक्रिया विरघळलेला क्षार काढत नाही, हे सामुदायिक प्रक्रिया केंद्रांच्या चर्चेत नेहमी मागं पडतं. मळ जातो, सीओडी उतरतो, क्षार आत आला तेवढाच बाहेर पडतो. इचलकरंजीनं २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ भोगली. ती मैलापाण्याची होती, रसायनाची नव्हे. पण फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. काविळीचा विषाणू पाणी उकळलं की मरतो. क्षार उकळून जात नाही, उलट घट्ट होतो.

शेतात तो सोडियम काळ्या मातीला चिकटतो, माती मिटून जाते, पाणी मुरत नाही. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीचं मुख्य कारण वर्षानुवर्षांचं जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव हेच आहे. त्याचा सगळा दोष कापडावर टाकता येणार नाही. मात्र आधीच मिठानं भरलेल्या मातीत आणखी मीठ ओतायला जागा नाही. बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या भातशिवारात घुसतं. त्या नाल्यात शहराचं जे काही जातं, ते शेतकऱ्याच्या बांधावर येतं.

आणि दाद कुठं मागायची? इचलकरंजीचं पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेत. राजापूर बंधाऱ्याखाली कर्नाटकचं मंडळ. हरित लवादाकडं जायचं, तर महाराष्ट्रासाठी पुणे खंडपीठ आणि कर्नाटकासाठी चेन्नई. काठावरच्या दोन शेजाऱ्यांना एकाच पाण्यासाठी दोन वेगळ्या दिशांना जावं लागतं. इचलकरंजीला दूधगंगेतून पाणी द्यायची सुळकूड योजना आली, तेव्हा दूधगंगाकाठानं विरोध केला. त्या वादात भीती होती ती पाणी कमी पडण्याची. पण पंचगंगा काठावर असूनही शहराला दुसऱ्या नदीकडं बघावं लागतं, याचं मूळ पंचगंगेच्या अवस्थेतच आहे.

तिरुपूरनं काय मोजलं?

तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जात राहिलं. खाली शेतीसाठी बांधलेलं ओरत्तुपाळयम धरण त्या क्षारपाण्याचा साठा बनून बसलं. शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगाईचे कारखाने आणि सामुदायिक केंद्रं बंद करायचा आदेश दिला. धंदा पुन्हा उभा राहिला तो पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. आता तिथं पाणी गाळून, आटवून पुन्हा वापरतात, परत मिळालेलं मीठ रंगाच्या हौदात जातं. पण आटवायला वीज आणि इंधन प्रचंड लागतं. आणि वापरता न येणाऱ्या मिश्र क्षाराचे ढीग साठवावे लागतात.

इथं धडा सरळ आहे. क्षार एकदा पाण्यात विरघळला, की तो काढण्याचा खर्च घालण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. पंचगंगेसाठी उद्या शून्य विसर्गाचे मोठे प्रकल्प उभे राहिले, तरी त्यांचं वीजबिल शेवटी मीटरमागं धंद्यावरच येणार. हौदाजवळ वाचवलेला प्रत्येक किलो सोडा त्या बिलातून वजा होतो.

आता काय मागायचं?

पहिली गोष्ट, तपासणीत पीएचच्या शेजारी टीडीएसचा आकडा रोज लिहिला आणि दाखवला गेला पाहिजे. पीएच बदलायला मूठभर सोडा पुरतो, टीडीएस लपवायला दुसरं पाणी ओतावं लागतं. म्हणून त्याबरोबर पाण्याचं मापही हवं. दुसरी, ॲसिड आणि सोड्याच्या खरेदीची नोंद सांडपाण्याच्या आकड्याशी ताडून बघावी. किती किलो आत गेलं हे कळलं, तर किती क्षार बाहेर पडला हे कागदावरच मांडता येतं, त्यासाठी रात्री नाल्यावर पहारा द्यावा लागत नाही. तिसरी, राजापूर बंधाऱ्याच्या वर आणि खाली दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकाच दिवशी नमुने घेऊन आकडे मराठी आणि कन्नडमध्ये जाहीर करावेत. पाणी कायद्याखाली राज्यमंडळांत समन्वय ठेवणं हे केंद्रीय मंडळाचं कामच आहे.

चौथी गोष्ट धंद्याच्या हातातली आहे. पिळणी नीट करणं, एका मोठ्या धुण्याऐवजी चार छोटी धुणी, हौदाचा फेरवापर आणि टीडीएस मीटर यासाठी अनुदानाची वाट बघायला नको. छोट्या रंगशाळांना हे करून दाखवणारा माणूस हवा. विणकर सहकारी संस्था आणि वस्त्रोद्योग खात्याच्या प्रशिक्षणात मागाबरोबर हौदही आला, तर तो माणूस मिळेल. चार धुण्यांचा हिशेब फळ्यावर मांडायला अर्धा तास पुरतो. कामगाराला तो मालकापेक्षा लवकर कळेल, कारण ओलं कापड रोज तोच उचलतो.